माद्रिदमधलं एक वाक्य : पुरावा दाव्याच्या बाजूने आहे, हे इंग्रजीत कसं लिहायचं

२७ ते २९ नोव्हेंबर १९९५ असे तीन दिवस स्पेनच्या राजधानीत, माद्रिदमध्ये, ९६ देशांचे १७७ प्रतिनिधी एका अहवालाचा सारांश ओळ न् ओळ वाचून मंजूर करायला बसले होते. सोबत अहवाल लिहिणारे २८ प्रमुख लेखक होते आणि १४ स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी होते. अहवाल होता हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीचा, म्हणजे आयपीसीसीचा, दुसरा. त्या बैठकीत ठरलेलं एक वाक्य पुढे जगभर गाजलं :

'द बॅलन्स ऑफ एव्हिडन्स सजेस्ट्स अ डिसर्निबल ह्यूमन इन्फ्लुअन्स ऑन ग्लोबल क्लायमेट.'

सगळा पुरावा एकत्र तोलून पाहिला, तर जागतिक हवामानावर माणसाचा ओळखू येण्याजोगा प्रभाव असल्याचं सूचित होतं, असा त्याचा अर्थ.

मराठीत विचार करून इंग्रजीत शोधनिबंध लिहिणाऱ्यांचं लेखन मी तपासते. निबंधाचा शेवटचा भाग, जिथे आकड्यांवरून निष्कर्षाकडे यायचं असतं, तिथे बहुतेकांचं इंग्रजी अडखळतं. कोणतं क्रियापद घ्यावं, त्यापुढे 'दॅट' येतो की नाही, 'एव्हिडन्स'ला अनेकवचन लावावं का, असे प्रश्न येतात. याद्या देऊन त्यांची उत्तरं देता येतात, पण याद्या लक्षात राहत नाहीत. माद्रिदचं हे वाक्य मात्र एकदा उलगडून पाहिलं की राहतं. त्यातला प्रत्येक शब्द भांडून निवडलेला आहे, आणि प्रत्येक निवडीमागे व्याकरणाचं आणि विज्ञानाचं असं दोन्ही प्रकारचं कारण आहे.

१९९० साली एवढंच म्हणता येत होतं

आयपीसीसीची स्थापना १९८८ची. पहिला अहवाल १९९०चा. तोवर पृथ्वीचं सरासरी तापमान वाढल्याचं नोंदींतून दिसत होतं, पण कारणाबद्दल ठाम बोलायची तयारी नव्हती. म्हणून त्या अहवालाने लिहिलं की ही वाढ हवामानाच्या मॉडेलांनी वर्तवलेल्या वाढीशी 'ब्रॉडली कन्सिस्टंट विथ' आहे, म्हणजे ढोबळमानाने जुळते. आणि त्याच वाक्यात पुढे 'बट' घालून सांगितलं की ती नैसर्गिक चढउतारांच्या मापाचीही आहे.

पुरावा दाव्याला किती बळ देतो हे सांगणाऱ्या शब्दांची एक शिडी मानली, तर 'कन्सिस्टंट विथ' ही तिची सगळ्यात खालची पायरी. पुरावा दाव्याच्या विरोधात जात नाही, एवढंच ती सांगते. तोच पुरावा दुसऱ्या एखाद्या दाव्याशीही जुळू शकतो, आणि १९९०च्या वाक्याने ते उघड मान्य केलं. आपल्याकडे हा शब्दप्रयोग 'सपोर्ट्स'चा भारदस्त पर्याय म्हणून वापरला जातो, ते चुकीचं आहे. व्याकरणाची एक बारीक चूकही इथे नेहमी होते : 'कन्सिस्टंट टू' असं लिहिलं जातं. या अर्थाने 'कन्सिस्टंट'पुढे 'विथ'च येतं.

त्याच अहवालात आणखी एक वाक्य होतं : हरितगृह परिणाम वाढल्याची 'अनइक्विव्होकल डिटेक्शन', म्हणजे निःसंदिग्ध ओळख, निरीक्षणांमधून पटण्याची शक्यता पुढच्या दहा किंवा अधिक वर्षांत नाही. 'अनइक्विव्होकल' हा शब्द ध्यानात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

पाच वर्षांत काय बदललं

माद्रिदच्या अहवालातलं आठवं प्रकरण नेमकं याच प्रश्नावर होतं : हवामान बदल झाला आहे का हे ओळखणं, आणि झाला असेल तर तो कशामुळे हे ठरवणं. त्याचे मुख्य समन्वयक लेखक होते अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेतले बेन सँटर.

तापमान वाढलं, एवढ्याने कारण कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी वाढीचा आराखडा पाहायला सुरुवात केली. सूर्य जास्त तळपू लागला असता तर वातावरणाचा खालचा थर, तपांबर, आणि वरचा थर, स्थितांबर, दोन्ही तापले असते. हरितगृह वायू वाढले तर मात्र खालचा थर तापतो आणि वरचा थंड होतो. निरीक्षणांत दुसरा आराखडा दिसत होता. ओझोन घटल्यानेही वरचा थर थंड होतो, तेव्हा तेही हिशेबात धरावं लागत होतं. शिवाय गंधकाच्या संयुगांचे सूक्ष्म कण सूर्यप्रकाश परतवून काही भाग थंड ठेवतात, हे मॉडेलांत घातल्यावर मॉडेलचा नकाशा आणि प्रत्यक्षातला नकाशा यांचा मेळ आणखी चांगला बसू लागला. यातला एकही अभ्यास एकटा निर्णायक नव्हता. सगळे मिळून एकाच बाजूला झुकत होते.

ही परिस्थिती इंग्रजीत एका वाक्यात सांगायची होती. 'प्रूव्ह्ज' म्हणता येत नव्हतं. 'कन्सिस्टंट विथ' म्हणणं आता अपुरं होतं, कारण इतर स्पष्टीकरणं मागे पडत चालली होती.

कर्ता आणि क्रियापद

सँटर यांच्या प्रकरणातलं निष्कर्षाचं वाक्य सारांशातल्या वाक्यापेक्षा लांब आहे. त्याचा सांगाडा असा : 'द बॉडी ऑफ स्टॅटिस्टिकल एव्हिडन्स इन चॅप्टर एट', मग 'व्हेन एक्झॅमिन्ड'ने सुरू होणारा एक लांब पोटभाग, आणि शेवटी 'नाउ पॉइंट्स टुवर्ड्स अ डिसर्निबल ह्यूमन इन्फ्लुअन्स'. पोटभागाचा आशय असा की हा पुरावा हवामान प्रणालीच्या आपल्या भौतिक आकलनाच्या संदर्भात तपासला तर. कर्ता 'बॉडी' आणि क्रियापद 'पॉइंट्स' यांच्यामध्ये वीस शब्द आहेत, तरी क्रियापद एकवचनीच राहिलं. विद्यार्थ्यांच्या लेखनात क्रियापद हमखास जवळच्या नामाकडे बघून ठरतं. मध्ये 'स्टडीज' किंवा 'मॉडेल्स' आलं की 'पॉइंट' होऊन जातं. कर्त्याचं मुख्य नाम हेरून त्यावर बोट ठेवावं आणि मगच क्रियापदाचं वचन ठरवावं.

'बॉडी ऑफ एव्हिडन्स' आणि 'बॅलन्स ऑफ एव्हिडन्स' यांचा दुसरा उपयोग त्याहून मोठा. इंग्रजीत 'एव्हिडन्स' मोजता न येणारं नाम आहे. मराठीत आपण एक पुरावा, दोन पुरावे, पुष्कळ पुरावे म्हणतो, म्हणून हात सहज 'मेनी एव्हिडन्सेस'कडे जातो. आजच्या शास्त्रीय इंग्रजीत ते चुकीचं धरतात. 'अॅन एव्हिडन्स'ही चालत नाही. एकच पुरावा सांगायचा तर 'अ पीस ऑफ एव्हिडन्स', वेगवेगळ्या पद्धतींनी मिळालेले अनेक पुरावे सांगायचे तर 'सेव्हरल लाइन्स ऑफ एव्हिडन्स', आणि सगळ्याची गोळाबेरीज सांगायची तर 'बॉडी' किंवा 'बॅलन्स'. 'बॉडी' म्हणजे जमा झालेला सगळा साठा. 'बॅलन्स'मध्ये बाजूचं आणि विरुद्ध बाजूचं दोन्ही तोलल्याचं सांगणं आहे. माद्रिदच्या सारांशाने 'बॅलन्स' घेतलं, ते मला अधिक प्रामाणिक वाटतं. विरोधी पुरावाही टेबलावर होता आणि तो लपवलेला नाही, हे त्या एका नामातून कळतं.

आता क्रियापद. 'पॉइंट्स' घेतलं तर पुढे 'टू' किंवा 'टुवर्ड्स' लागतंच. 'सजेस्ट्स'ला असं शब्दयोगी काही लागत नाही, ते सरळ कर्म घेतं. गंमत अशी की सारांशात हेच विधान दोन रचनांमध्ये आलेलं आहे. त्या भागाच्या शीर्षकात 'सजेस्ट्स'पुढे थेट नामसमूह आहे : 'सजेस्ट्स अ डिसर्निबल ह्यूमन इन्फ्लुअन्स'. खालच्या परिच्छेदात पूर्ण उपवाक्य आहे : 'नेव्हरदलेस, द बॅलन्स ऑफ एव्हिडन्स सजेस्ट्स दॅट देअर इज अ डिसर्निबल ह्यूमन इन्फ्लुअन्स ऑन ग्लोबल क्लायमेट'. दोन्ही बरोबर. शीर्षकाला आटोपशीर रचना शोभते, परिच्छेदाला 'दॅट'वाली. कारण 'दॅट'नंतर कर्ता आणि क्रियापद येतात आणि दावा पूर्ण वाक्य म्हणून उभा राहतो.

दुसऱ्या रचनेत 'देअर इज' आहे, 'देअर शुड बी' नाही. 'सजेस्ट'चे दोन अर्थ आहेत. सल्ला देणं या अर्थाने त्यापुढे 'शुड' येऊ शकतं. पुराव्यावरून सूचित होणं या अर्थाने पुढचं क्रियापद साध्या काळात राहतं. 'द डेटा सजेस्ट दॅट रेनफॉल शुड इन्क्रीज' असं एखाद्याने लिहिलं, तर आकडे पावसाला वाढायचा सल्ला देताहेत असाही अर्थ निघू शकतो. आणि 'सजेस्ट्स अस दॅट' हे तर कुठल्याच अर्थाने बसत नाही, कारण 'टेल'सारखं 'सजेस्ट' माणसाला कर्म म्हणून घेत नाही. मराठीत 'आम्हाला सुचवतं' म्हणता येतं, तिथून ते आलेलं आहे.

एका विशेषणाची निवड

सर्वाधिक ओढाताण झाली ती 'डिसर्निबल'च्या जागी कोणतं विशेषण घालावं यावर. सौदी अरेबिया आणि कुवेत या तेल उत्पादक देशांचे प्रतिनिधी ठाम निष्कर्षाला सातत्याने हरकत घेत होते. सँटर आणि त्यांचे सहलेखक टॉम विग्ली यांना 'अॅप्रिशिएबल' हवं होतं. ते सौदी प्रतिनिधीला फार कडक वाटलं, आणि आयपीसीसीचे अध्यक्ष, स्वीडनचे हवामानशास्त्रज्ञ बर्ट बोलिन यांनाही. बैठकीतल्या एकाच्या आठवणीप्रमाणे सुमारे २८ शब्द घालून पाहिले गेले. शेवटी बोलिन यांनीच 'डिसर्निबल' सुचवलं आणि त्यावर सहमती झाली.

ही तडजोड म्हणून सांगितली जाते. मला ती तडजोडीपेक्षा दुरुस्ती वाटते. 'अॅप्रिशिएबल' या शब्दात 'जाणवण्याइतकं' आणि 'बऱ्यापैकी मोठं' असे दोन्ही अर्थ आहेत, म्हणजे त्यात आकाराबद्दलचं विधान शिरतं. पण 'नेव्हरदलेस'च्या आधीच सारांश सांगून बसलेला आहे की मानवी प्रभाव आकड्यांत मोजण्याची आपली क्षमता सध्या मर्यादित आहे, कारण अपेक्षित खूण नैसर्गिक चढउतारांच्या गोंगाटातून अजून वर येते आहे. किती ते नीट मोजता येत नाही असं म्हणून लगेच पुढच्या वाक्यात 'बऱ्यापैकी' म्हणणं हा अंतर्विरोध झाला असता. 'डिसर्निबल' फक्त एवढंच म्हणतं की तो ओळखून वेगळा काढता येतो. आधीच्या वाक्याशी ते तंतोतंत जुळतं. राजकीय दबाव नसता तरी एखाद्या जागरूक संपादकाने हाच बदल सुचवला असता, असं मला वाटतं.

उणीव एकच : ते वाक्य एकटं उद्धृत झालं की 'किती' हा प्रश्न अनुत्तरित राहतो, आणि बातम्यांमध्ये ते एकटंच उद्धृत झालं.

काढलेली वाक्यं आणि १९९६चा वाद

माद्रिदनंतर सँटर यांनी आठव्या प्रकरणाच्या मसुद्यात सुधारणा केल्या. सरकारांकडून आणि समीक्षकांकडून आलेल्या सूचनांचा तो भाग होता. अहवाल प्रसिद्ध झाल्यावर १२ जून १९९६ रोजी 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये फ्रेडरिक साइट्झ यांचा लेख आला. साइट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे माजी अध्यक्ष. संशय व्यक्त करणारी वाक्यं मसुद्यातून गुपचूप गाळली, असा त्यांचा आरोप होता. २५ जूनला त्याच वृत्तपत्रात सँटर आणि सुमारे चाळीस शास्त्रज्ञांचं उत्तर छापून आलं : बदल समितीच्या नियमांनुसारच झाले, आणि अनिश्चिततेची चर्चा प्रकरणात कायम आहे. सँटर यांना त्या काळात जे वैयक्तिक हल्ले सोसावे लागले, ते वाचून आजही वाईट वाटतं.

साइट्झ यांनी दाखवलेल्या वाक्यांपैकी एकाची सुरुवात अशी होती : 'नन ऑफ द स्टडीज सायटेड अबव्ह हॅज शोन क्लिअर एव्हिडन्स दॅट'. वर उल्लेखलेल्या अभ्यासांपैकी एकानेही स्पष्ट पुरावा दिलेला नाही की निरीक्षणांतले बदल हरितगृह वायूंच्या वाढीमुळेच झाले आहेत, असा त्याचा आशय. हे वाक्य आणि 'बॅलन्स ऑफ एव्हिडन्स'चं वाक्य शेजारी ठेवून बघा. पहिल्याचा कर्ता 'अभ्यासांपैकी एकही'. दुसऱ्याचा कर्ता 'सगळ्या पुराव्याचा तोल'. पहिल्यात 'क्लिअर' आहे आणि कारण अगदी विशिष्ट आहे, फक्त हरितगृह वायू. दुसऱ्यात 'सजेस्ट्स' आहे आणि कारण व्यापक, मानवी प्रभाव. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. एकटा अभ्यास पुरेसा नसतो आणि सगळे मिळून कल दाखवतात, हे विज्ञानात रोज घडतं. वादात मात्र ती परस्परविरोधी म्हणून मांडली गेली, जणू एक ठेवायचं म्हणजे दुसरं खोडायचं.

म्हणून शोधनिबंध तपासताना मी क्रियापदाच्या आधी कर्त्याकडे बघते. 'अवर रिझल्ट्स' म्हणजे फक्त तुमचे निकाल. 'दिस स्टडी' म्हणजे हा एक अभ्यास. 'द अव्हेलेबल एव्हिडन्स' म्हणजे आजवर उपलब्ध असलेला सगळा पुरावा, आणि तो तुम्ही खरोखर वाचलेला असला पाहिजे. एका तालुक्यातल्या तीसेक शेतांच्या निरीक्षणावर 'द एव्हिडन्स शोज' असं लिहिलं, तर व्याकरण निर्दोष असूनही कर्ता खोटा ठरतो.

पायऱ्या चढत गेल्या

पुढच्या अहवालांत हेच विधान कसं बदललं ते बघण्यासारखं आहे. २००१ साली : 'देअर इज न्यू अँड स्ट्राँगर एव्हिडन्स दॅट मोस्ट ऑफ द वॉर्मिंग ऑब्झर्व्ह्ड ओव्हर द लास्ट फिफ्टी इयर्स इज अॅट्रिब्यूटेबल टू ह्यूमन अॅक्टिव्हिटीज'. दोन विशेषणं लागूनही 'एव्हिडन्स'आधी 'अ' नाही आणि शेवटी अनेकवचनाचा 'एस' नाही. पुढे 'दॅट'ने पूर्ण दावा जोडला. आणि 'मोस्ट'ने पहिल्यांदाच 'किती'चं उत्तर दिलं, जे १९९५ला देता येत नव्हतं.

२००७ साली वाक्यातून 'एव्हिडन्स' हे नामच गेलं. विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या तापमानवाढीचा बहुतांश भाग 'व्हेरी लाइकली ड्यू टू' मानवनिर्मित हरितगृह वायूंची वाढ, असं लिहिलं. आयपीसीसीच्या भाषेत 'व्हेरी लाइकली' म्हणजे ९० टक्क्यांहून अधिक शक्यता. नुसतं 'लाइकली' म्हणजे ६६ टक्क्यांहून अधिक. रोजच्या बोलण्यातले शब्द असे आकड्यांना बांधून टाकले, हे मोठं काम होतं. त्याच सारांशात 'डिसर्निबल ह्यूमन इन्फ्लुअन्सेस' आता महासागरांचं तापमान, वाऱ्यांचे आराखडे इथवर पोहोचल्याचंही लिहिलं. माद्रिदचा शब्द बारा वर्षांनी अनेकवचनात आला.

२०१३ साली 'एक्स्ट्रीमली लाइकली', म्हणजे ९५ टक्क्यांहून अधिक, आणि 'डॉमिनंट कॉज', मुख्य कारण. ऑगस्ट २०२१ मध्ये : 'इट इज अनइक्विव्होकल दॅट ह्यूमन इन्फ्लुअन्स हॅज वॉर्म्ड द अॅटमॉस्फिअर, ओशन अँड लँड'. १९९० साली ज्या शब्दाला दहा वर्षं तरी थांबायला सांगितलं होतं, तो २००७ साली तापमानवाढीला लागला आणि २०२१ साली मानवी कारणाला. शक्यतेचा आकडा गेला, सरळ विधान आलं. या सगळ्या प्रवासात ठळक निष्कर्षाच्या एकाही वाक्यात 'प्रूव्ह्ज' नाही. एकतीस वर्षांच्या संशोधनानंतर जो शब्द त्या लोकांनी वापरला नाही, तो एम.एस्सी.च्या प्रबंधात पहिल्याच निष्कर्षाला लावला जातो, तेव्हा मी तो खोडते आणि समासात विचारते : दुसरं कुठलंच स्पष्टीकरण उरलं नाही का?

हिमालयातलं वाक्य

याच संस्थेच्या लेखनात उलट उदाहरणही आहे, आणि ते आपल्या घरचं आहे. २००७च्या अहवालाच्या दुसऱ्या खंडात, आशियावरच्या प्रकरणात, हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत, कदाचित आधीही, नाहीशा होण्याची शक्यता 'व्हेरी हाय' असल्याचं लिहिलं गेलं. वाक्याचा कर्ता 'लाइकलिहुड'. वाक्यात 'इफ'ने सुरू होणारी दोन उपवाक्यं आहेत, दोन्ही जवळपास एकच अट सांगणारी : सध्याचा वेग टिकला तर, आणि पृथ्वी सध्याच्या वेगाने तापत राहिली तर. एकच अट एका वाक्यात दोनदा दिसली की मला शंका येते. बहुधा दोन ठिकाणचा मजकूर जोडलेला असतो आणि जोडणाऱ्याने मूळ आधार पाहिलेला नसतो.

त्यामागे समीक्षित संशोधन नव्हतंच. एका पर्यावरण संस्थेच्या २००५च्या अहवालाचा आधार घेतला होता, आणि तो अहवाल १९९९ साली एका विज्ञान साप्ताहिकात आलेल्या बातमीवर उभा होता. नोव्हेंबर २००९ मध्ये भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे निवृत्त अधिकारी व्ही. के. रैना यांचा चर्चालेख प्रसिद्ध केला; हिमनद्या अशा झपाट्याने संपत असल्याचं त्यातून दिसत नव्हतं. जयराम रमेश तेव्हा पर्यावरणमंत्री होते. आयपीसीसीचे तत्कालीन अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी आधी रैना यांचा चर्चालेख कडक शब्दांत झिडकारला. पण २० जानेवारी २०१० रोजी संस्थेला निवेदन काढून मान्य करावं लागलं की त्या परिच्छेदातले अंदाज 'पुअरली सब्स्टॅन्शिएटेड' होते. हिमनद्या आक्रसत आहेत हे खरंच आहे, आणि म्हणूनच त्या एका वाक्याने झालेलं नुकसान जिव्हारी लागतं.

'सब्स्टॅन्शिएट' हे क्रियापद इथे अगदी योग्य निवडलेलं आहे. दाव्याला पुराव्याचं बळ देणं, असा त्याचा अर्थ. त्याचं कर्म नेहमी दावा असतो, पुरावा नव्हे : 'द डेटा सब्स्टॅन्शिएट द क्लेम' बरोबर, 'वी सब्स्टॅन्शिएटेड द एव्हिडन्स' चूक.

आपल्या लेखनातल्या खाचाखोचा

माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात ज्या चुका वारंवार दिसतात, त्यांचं मूळ बहुतेक वेळा मराठीच्या विभक्तीत असतं. आपण 'दाव्याला आधार देतो' म्हणतो, त्या 'ला'पायी 'सपोर्ट्स टू द क्लेम' लिहिलं जातं. 'सपोर्ट' क्रियापद असताना 'टू' नको : 'द एव्हिडन्स सपोर्ट्स द क्लेम'. 'सपोर्ट' नाम असेल तर मात्र 'टू' किंवा 'फॉर' हवं : 'द फाइंडिंग्ज लेंड सपोर्ट टू द क्लेम'. तसंच 'कॉरोबोरेट'चं, म्हणजे दुजोरा देणं या अर्थाच्या क्रियापदाचं. 'शी जुळतं' या मराठी वळणामुळे 'कॉरोबोरेट्स विथ' येतं. हवं असतं 'कॉरोबोरेट्स द क्लेम' किंवा 'इज कॉरोबोरेटेड बाय'. 'विथ' हवंच असेल तर 'अॅग्रीज विथ' वापरावं, पण त्याचं वजन कमी आहे.

'अॅज एव्हिडंट बाय' ही मला दिसणारी सगळ्यात हट्टी चूक. दोन बरोबर रचनांची ती सरमिसळ आहे. एक, 'अॅज एव्हिडन्स्ड बाय', इथे 'एव्हिडन्स' क्रियापद म्हणून आलं आहे आणि त्याचं भूतकालवाचक रूप 'बाय' घेतं. दुसरी, 'अॅज इज एव्हिडंट फ्रॉम', इथे 'एव्हिडंट' विशेषण आहे आणि ते 'फ्रॉम' घेतं.

'एव्हिडन्स'पुढे 'ऑफ', 'फॉर' की 'दॅट', याचा निर्णय पुढे काय येतं त्यावर होतो. एखादी गोष्ट घडल्याची खूण सांगायची तर 'एव्हिडन्स ऑफ वॉर्मिंग'. एखाद्या मताच्या बाजूचा पुरावा सांगायचा तर 'एव्हिडन्स फॉर द हायपॉथिसिस', विरुद्ध बाजूचा 'एव्हिडन्स अगेन्स्ट'. पूर्ण वाक्य जोडायचं तर 'एव्हिडन्स दॅट'. 'एव्हिडन्स अबाउट' हे तटस्थ आहे; पुरावा कोणत्या बाजूचा ते त्यातून कळत नाही, म्हणून निष्कर्षात ते टाळलेलं बरं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेला, भारतीय प्रदेशातल्या हवामान बदलाचा आढावा घेणारा अहवाल २०२० साली आला. नमुना म्हणून मी तो पुढे करते, कारण विषय आपल्या पावसाचा आहे. १९५१ ते २०१५ या काळात जून ते सप्टेंबरमधला मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटल्याचं त्यात सरळ साध्या विधानाने सांगितलं आहे, कारण ती मोजणी आहे. कारणाकडे वळताना मात्र वाक्याची घडण बदलते. अनेक आकडेवारींच्या आणि मॉडेलांच्या आधारावर 'अॅन इमर्जिंग कन्सेन्सस' आहे, म्हणजे एकमत होऊ लागलं आहे, की मानवनिर्मित सूक्ष्म कणांनी हरितगृह वायूंमुळे अपेक्षित असलेली पावसाची वाढ बऱ्याच अंशी रोखली आणि प्रत्यक्षातल्या घटीला 'कॉन्ट्रिब्यूटेड टू', हातभार लावला. इथे 'कॉज्ड' नाही, म्हणजे इतर कारणांना जागा ठेवली आहे. 'कन्सेन्सस'आधी 'इमर्जिंग' आहे, म्हणजे ते पुरतं झालेलं नाही. आणि एकमत कशावर उभं आहे ते 'बेस्ड ऑन'ने तिथल्या तिथे सांगून टाकलं आहे.